काटकसरीची सहल

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास घरखर्चाचा अंदाज करतां येतो, असा एक गोड गैरसमज समाजांत रूढ आहे. गेलीं एकतीस वर्षें आम्ही दादरच्या एका महाविद्यालयांत मागणी, पुरवठा आणि सीमान्त उपयोगिता यांचे आलेख फळ्यावर काढीत आलों आहोंत. परंतु महिन्याच्या वीस तारखेस वाण्याचें बिल पाहून आमच्या तोंडचें पाणी पळावयाचें कधीं चुकलें नाहीं. म्हणून दिवाळीच्या सुटींत समुद्रकांठच्या एखाद्या गांवीं तीन दिवस जावें असा विचार घरांत निघाला, आणि त्याचें अंदाजपत्रक आम्हींच करावें असा ठराव एकमतानें पास झाला, तेव्हां तो आमच्या विद्वत्तेचा गौरव होता कीं थट्टा, हें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.

गिरगांवांत राहणाऱ्या माणसानें समुद्र पाहण्यासाठीं पैसे खर्चून परगांवीं जावें, हें वाचकांस थोडें चमत्कारिक वाटेल. आमच्या बिऱ्हाडापासून चौपाटी दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. पण चौपाटीचा समुद्र हा शेजाऱ्यासारखा. रोज दिसतो, म्हणूनच त्याची विचारपूस करावयाची राहून जाते. शिवाय सहलीस जाण्यांत समुद्रापेक्षां स्वतःचें घर चार दिवस न दिसणें हा भाग मोठा असतो, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे, आणि स्वयंपाकघर ज्यांच्या गळ्यांत पडलें आहे त्यांच्या ह्या मतास विरोध करण्याचें धैर्य आमच्या अंगीं नाहीं.

गांव अलिबाग ठरलें; कारण तें जवळ. आमचे चिरंजीव एका संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहेत. त्यांनीं ताबडतोब आपल्या फोनवर तेथील कांहीं बंगल्यांचीं चित्रें आम्हांपुढें धरलीं. प्रत्येक बंगल्यापुढें निळ्या फरशीचा एक तलाव होता, आणि त्याच्या कडेला पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका रात्रीचें भाडें आम्हीं वाचलें, चष्मा पुसून पुन्हां वाचलें. आंकडा बदलला नाहीं. आमच्या मातोश्री कोपऱ्यांत वातीं वळीत बसल्या होत्या. त्यांनीं तो तलाव नीट न्याहाळला व विचारलें, "अरे, समुद्राच्या कांठी जाऊन पोहायला हा हौद कशाला?" ह्या प्रश्नास चिरंजिवांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हांसहि तें आमच्या विषयाच्या कोणत्याच ग्रंथांत सांपडलें नाहीं.

मग वाटेचा प्रश्न निघाला. चिरंजिवांचें म्हणणें, अटल सेतूवरून मोटारीनें जावें. आमच्या सौभाग्यवतींना २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास जाणारी मोठी रो-रो बोट पाहण्याची हौस. आम्हीं स्वतः गेटवेच्या लाँचचा पक्ष घेतला होता. तिघांचा वाद रंगांत आला असतां आई वात वळतां वळतांच म्हणाली, "मला भाऊच्या धक्क्यावरनं रेवसच्या लाँचनं न्या."

आम्ही सर्व एकदम गप्प झालों. त्याचें कारण सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

आमची आई मूळची रेवसपासून दीड कोसावरच्या एका खेड्यांतली. तिचे वडील लालबागच्या एका गिरणींत सांच्यावर काम करीत, आणि त्या काळच्या हजारों कोंकणी कामगारांप्रमाणें त्यांचें शरीर मुंबईस व चित्त गांवीं असे. एका खोलींत दहाबारा जणांनीं पाळीपाळीनें झोंपावयाचें, खानावळींत जेवावयाचें, उरलेले रुपये मनिऑर्डरीनें धाडावयाचे, आणि वर्षांतून दोनतीनदां बोटीनें घरीं जाऊन यावयाचें, हा त्यांचा क्रम. १९४७ च्या जुलैंत लावणीसाठीं येतों, असें पत्र त्यांनीं घरीं पाठविलें होतें. जुलैच्या १७ तारखेस, आषाढी अमावास्येच्या सुमारास, सकाळीं भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे 'रामदास' बोट निघाली. वादळी वाऱ्यांत काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली, आणि सहाशेंहून अधिक माणसें समुद्रांत गेलीं. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनीं कांहींजणांस वर काढलें. वांचलेल्यांत आमचे आजोबा नव्हते. स्वराज्य यावयास तेव्हां एक महिनाहि उरला नव्हता.

आई त्या वेळीं सात वर्षांची होती. पुढें तिची आई तिला घेऊन लालबागेस आली, नवऱ्याच्याच खोलींत राहिली, आणि पंधरा-वीस गिरणीकामगारांची खानावळ चालवून तिनें मुलीस शाळेंत घातलें. आईचें लग्न होऊन ती गिरगांवीं आली. परंतु माहेरच्या खेड्याशीं तिचा संबंध सुटला नाहीं. लहानपणीं दर मे महिन्यांत ती आम्हांस तेथें नेई. मात्र नेहमीं खुष्कीनें. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा एस. टी. चा वळसा घालून, धूळ खात, दुप्पट वेळ मोडून. समोर समुद्र दिसतो आहे, पलीकडे मुंबई दिसते आहे, आणि आपण मात्र अर्धा जिल्हा हिंडून घरीं पोंचतों, ह्याचें आम्हां मुलांस मोठें नवल वाटे. जी बाई कोथिंबिरीच्या जुडीवर चार आणे कमी करण्यासाठीं भायखळ्यापर्यंत पायीं जाई, ती प्रवासांत एवढी उधळी कां होते, हा आमच्या बाळपणींचा अर्थशास्त्रांतला पहिला न सुटलेला प्रश्न होय. उत्तर आम्हांस पुष्कळ उशिरां, आणि तेंहि आजीकडून, कळलें. आईनें त्याविषयीं कधीं अवाक्षर काढलें नव्हतें.

तेव्हां वयाची चौऱ्यायशी वर्षें उलटल्यावर तिनें आपण होऊन लाँचचें नांव काढावें, ह्याचा आम्हांस धक्का बसला तर नवल नाहीं. चिरंजिवांना निराळी काळजी वाटली. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस निघालेल्या एका लाँचवर नौदलाची वेगानें जाणारी बोट आदळून दहाहून अधिक माणसें दगावलीं होतीं, ही गोष्ट ताजी होती. आम्हीं आईस म्हटलें, "आई, तुला त्रास होईल." ती म्हणाली, "त्रास व्हायचा तो होऊन गेला. आतां एकदां जाऊं द्या. माझं तिकीट मी काढीन." पेन्शनच्या पैशांवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचें "मी देईन" हें वाक्य ज्यांनीं घरांत ऐकलें असेल, त्यांस त्यापुढें बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं, हें ठाऊक असेलच.

आमचें अंदाजपत्रक आम्हीं तीन सूत्रांवर उभारलें, आणि कोणा वाचकास उपयोगी पडेल म्हणून तीं येथें देतों. पहिलें सूत्र असें, कीं शनिवार-रविवार वर्ज्य करावे. कारण अलिबागचा समुद्र सातहि दिवस तोच असला, तरी त्याचें भाडें दोन दिवस दुप्पट असतें. दुसरें असें, कीं जेथें पाटी मोठी तेथें खोली महाग. म्हणून आम्हीं किनाऱ्यापासून थोड्या आंत असलेल्या नारळी-सुपारीच्या वाडींत, एका निवृत्त शिक्षकाच्या घरीं दोन खोल्या घेतल्या, जेवण घरचेंच. तिसरें सूत्र पंचांगाचें. कुलाबा किल्ल्यावर पायीं जावयाचें तर ओहोटी पाहिजे, आणि ओहोटी कोणासहि फुकट मिळते, मात्र वेळेवर गेलें पाहिजे. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. तींत सहा तास मिळविले कीं ओहोटी. पंचमीस भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळीं दहाच्या सुमारास. आम्हीं कार्तिक वद्य चतुर्थीस निघण्याचा दिवस धरला, तो ह्याच हिशेबानें. आयुष्यांत आम्हीं केलेल्या सर्व भाकितांपैकीं खरें ठरलेलें तें हें एकच.

धक्क्यावर पोंचलों तेव्हां सकाळची मासळी उतरण्याची गडबड अर्धी झाली होती. बर्फाचा चुरा, ओल्या टोपल्या, कोळणींचे खणखणीत आवाज आणि तो वास! आमच्या सौभाग्यवतींनीं नाकाला पदर लावला. आईनें मात्र छाती भरून श्वास घेतला. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ ह्या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकांत बांधलेल्या मूळ धक्क्याचें नांव आजवर टिकलें आहे. सरकारनें दिलेलीं नांवें लोक विसरतात आणि लोकांनीं दिलेलीं नांवें सरकारास घ्यावीं लागतात, ह्याचें तें एक ठळक उदाहरण होय.

तिकिटाच्या खिडकीशीं आई स्वतः गेली. कनवटीची लहान पिशवी सोडून तिनें नोटा मोजल्या, आणि एकाच्या नव्हे, चौघांच्याहि तिकिटांचे पैसे पुढें केले. आम्ही हात पुढें करूं लागलों, तों तिनें तो नुसता बाजूस सारला.

लाँच सुटली. उजव्या हातास पांढरी रो-रो उभी होती. मागें उत्तरेकडे शिवडी-न्हावाशेव्याचा सेतु धुक्यांत लांबच लांब पसरलेला दिसत होता. गोदींतल्या बोटी, तेलाचीं जहाजें, न्हावाशेव्याचे उंच यांत्रिक बगळे, डावीकडे घारापुरीची टेंकडी, असा एकेक देखावा मागें पडूं लागला. थंडीसाठीं उत्तरेकडून आलेले पांढरे समुद्रपक्षी लाँचच्या मागें उडत होते आणि शेजारचीं मुलें त्यांस गांठ्या फेंकीत होतीं. बांकाखालीं तरंगणारीं जाकिटें होतीं. चिरंजिवांनीं प्रथम तीं मोजलीं, मग माणसें मोजलीं, आणि मगच आजीपाशीं येऊन बसले. त्यांच्या ह्या हिशेबाचें आम्हांस कौतुक वाटलें. १९४७ सालीं असा हिशेब करणारें कोणी असतें तर, असा विचार आम्हां सर्वांच्याच मनांत येऊन गेला असावा. पण कोणीं बोललें नाहीं.

अर्ध्याहून अधिक वाट सरल्यावर आईनें लाँचवरच्या एका प्रौढ खलाशास जवळ बोलावलें व विचारलें, "दादा, काश्याचा खडक कुठं?" त्यानें तिच्या वयाकडे पाहिलें. प्रश्नाचें कारण त्यास सांगावें लागलें नाहीं. त्यानें हात लांब करून एक दिशा दाखविली आणि हलकेच म्हणाला, "तिकडं, आजी. तुमचं कोण होतं?" आई म्हणाली, "वडील." तो म्हणाला, "आमच्या गांवचे पण गेले होते." एवढें बोलून तो तेथेंच थोडा वेळ उभा राहिला.

आई कांठाकडे पाहत होती. झाडें दिसत होतीं, घरें दिसत होतीं, कोठें तरी निघणारा धूर दिसत होता. मग तिनें मागें वळून मुंबईकडे पाहिलें; तीहि दिसतच होती. ती म्हणाली, "एवढंच अंतर होतं होय?" आम्हीं कांहींच उत्तर केलें नाहीं. अठ्ठ्याहत्तर वर्षें तिच्या मनांत तो समुद्र अफाट होता. तो मोठा असणें एका परीनें तिला बरें वाटत असावें. अफाट पाण्यापुढें माणसाचें कांहीं चालत नाहीं, अशी समजूत घालतां येते. येथें तर दोन्ही कांठ डोळ्यांपुढें होते. तिच्या डोळ्यांस पाणी आलें नाहीं. तिनें फक्त हात जोडले, आणि रेवस येईपर्यंत ते तसेच मांडीवर ठेवले.

रेवसच्या धक्क्याबाहेर एस. टी. उभी होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रवाशांस २०२२ पासून एस. टी. चें तिकीट लागत नाहीं, आणि २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यांत जातां येतें. म्हणून आमच्या मंडळींत पूर्ण भाडें भरणारे आम्ही दोघे पुरुष काय ते उरलों. आईस फुकट नेण्याची ही व्यवस्था मुळींच रुचली नाहीं. "गाडी चालते ती काय वाऱ्यावर?" असें ती वाहकास म्हणाली. सवलतींचा लाभ घेण्यास संकोच वाटणारी ही शेवटचीच पिढी असावी.

अलिबागचें वर्णन किती करावें? मुंबईच्या बोलींत भोळ्या माणसास 'अलिबागहून आला आहे काय' असें हिणविण्याची जुनी खोड आहे. त्याविरुद्ध एक अलिबागकर उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. २०१९ सालीं न्यायालयानें, असे विनोद सगळ्यांच्याच वांट्याला येतात, अशा आशयाचें सांगून अर्ज फेटाळला. वास्तविक ज्या गांवच्या समुद्रांत कान्होजी आंग्र्यांनीं इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी ह्या तिघांसहि पाणी पाजलें, त्या गांवास भोळें म्हणणें हें मुंबईचेंच भोळेपण होय. पंचमीस सकाळीं दहाला आम्ही किल्ल्याकडे निघालों. आई टांग्यांत, आम्ही घोटाभर पाण्यांतून पायीं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें १६८० च्या सुमारास ह्या दुर्गाचें काम सुरू झालें. चोहोंकडे खारें पाणी असून आंत गोडें पाणी आहे, आणि १७५९ सालीं राघोजी आंग्र्यांनीं बांधलेल्या गणपतीच्या देवळांत गार फरशीवर बसलें कीं परत निघूं नये असें वाटतें. पण भरती कोणासाठीं थांबत नाहीं. आमच्या पाऊणपटीच्या हिशेबावर सौभाग्यवतींचा पूर्ण विश्वास नसल्यामुळें आम्हांस तासाभरांतच उठावें लागलें.

दुसरी एक वास्तु आम्हीं बाहेरूनच पाहिली. परंतु मनांत ती किल्ल्याहून अधिक रेंगाळली. मुंबईच्या कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद करणारी वेधशाळा होती. शहरांत विजेची ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्या विजेनें वेधशाळेची सुई बिचकेल म्हणून तत्कालीन संचालक नानाभाई मूस ह्यांनीं ती अलिबागेस हलविण्याची व्यवस्था केली. १९०४ पासून येथें नोंदी होऊं लागल्या. इमारत लोखंडाचा स्पर्श होऊं न देतां बांधली. विजेची ट्राम १९०७ सालीं मुंबईंत आली, आणि १९६४ सालीं बंदहि पडली. सुई मात्र अलिबागेसच राहिली. तिला जें स्वास्थ्य हवें होतें तें मुंबईंत पुन्हां निर्माण झालें नाहीं. आज तेंच स्वास्थ्य विकत घेण्यास मुंबईचे धनिक अलिबागेच्या आसपास जमिनी घेतात, भिंती घालतात, आणि निळ्या फरशीचे तलाव बांधतात. लालबाग-परळच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून गेल्या, त्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. आणि ज्यांच्या बापांनीं त्या गिरण्यांत कापूस ओढला, त्यांच्या खेड्यांच्या वेशीवर आतां त्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांचे बंगले येत आहेत. ह्यांत अन्याय किती आणि केवळ काळाची गति किती, हें सांगणें आमच्या शास्त्रास अवघड आहे.

रात्रीं वाडींत जेवावयास तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें आणि तळलेले बोंबील होते. आईनें यजमानीणबाईंना विचारून स्वतः दोन भाकरी थापल्या. तिच्या आईचा हात तिच्यांत उतरला आहे. जेवतांना ती प्रथमच त्या दिवसाबद्दल बोलली. गुरुवार होता. आजीनें वडिलांसाठीं भात जास्त टाकला होता. आई बंदराकडे जाऊन उभी राहिली. बोट आली नाहीं, म्हणून पावसांत भिजून परत आली, आणि उगाच भिजली म्हणून आजीनें तिला मारलें. संध्याकाळीं बातमी आली. "मला मारलं म्हणून ती जन्मभर रडली," आई म्हणाली, "आणि मी मात्र तें विसरून पण गेलें होतें." चिरंजीव जेवावयाचे थांबले होते. आईनें त्यांच्या पानांत आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, "खा. थंड होते."

आम्ही वर्गांत दरवर्षीं सांगतों, कीं स्वस्त म्हणजे ज्याची किंमत कमी तें. त्या रात्रीं हा सिद्धान्त आम्हांस अपुरा वाटला. स्वस्ताई दोन प्रकारची असते. एका प्रकारांत आपण आपल्या गरजा कमी करतों. शनिवार टाळतों, पायीं चालतों, घरगुती खोलींत राहतों, आणि त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. दुसऱ्या प्रकारांत वांचविलेला पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी जिवांतून निघालेला असतो. बोट क्षमतेबाहेर भरून, तरंगण्याचीं साधनें न ठेवून, पावसाळी हवेकडे काणाडोळा करून. पहिलीस काटकसर म्हणावें. दुसरीस काय म्हणावें, हें आमच्या आजीस ठाऊक होतें. तिनें पंधरा माणसांची खानावळ चालविली, पण डाळींत पाणी वाढविलें नाहीं.

परततांनाहि आईनें लाँचच धरली. ह्या खेपेस ती कांठाकडे तोंड करून न बसतां शेजारच्या एका बाईशीं वांग्याच्या भावाबद्दल बोलत बसली होती, आणि काश्याचा खडक केव्हां मागें पडला तें आम्हांसहि कळलें नाहीं. घरीं आल्यावर आम्हीं हिशेब मांडला. ठरविलेल्या रकमेंतून कांहीं रुपये चक्क उरले. त्यांतून लाँचच्या भाड्याचे पैसे आईस देऊं केले, तेव्हां तिनें ते घेतले नाहींत; "पुढच्या वर्षीं परत जायचं आहे ना, त्याला ठेव," एवढेंच म्हणाली. ते आम्हीं एका पाकिटांत घालून पंचांगांत ठेवले आहेत. चिरंजिवांनीं पुढच्या कार्तिकांतली वद्य चतुर्थी कोणत्या वारीं येते तें आतांच पाहून ठेवलें आहे.